कुलूप कुणाचं?

(दृश्य: काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर)

एप्रिल २००५. ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. लिनक्सवाल्यांची परिषद भरली आहे. व्यासपीठावर अँड्र्यू ट्रिजेल, सांबा हा प्रोग्रॅम लिहिणारे. बिटकीपर म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. टेलनेट या साध्या मजकुरी जोडणीने ते त्याच्या सर्व्हरला जोडून घेतात आणि श्रोत्यांना विचारतात, पुढे काय टाइप करू? सभागृह ओरडतं, "हेल्प!" सर्व्हर निमूटपणे आज्ञांची यादी पुढे करतो. त्या यादीतच असतं 'क्लोन', म्हणजे अख्खी प्रत उतरवून घेण्याची आज्ञा.

लोक हसतात. पण एव्हाना या खटपटीपायी मोठं भांडण होऊन गेलेलं असतं.

(दृश्य: कोडच्या सरकत जाणाऱ्या ओळी)

कोड कुणी बदलला, कधी, कशासाठी, याचं सगळं दप्तर म्हणजे रिपॉझिटरी. त्या दप्तराशी बोलणारा, फाइल आणून देणारा, बदल परत नेऊन ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. सीव्हीएस आणि सबव्हर्जन या अशाच साधनांमध्ये दप्तर एकच, सर्व्हरवर. तुमच्याकडे फक्त कामापुरती प्रत. नेटवर्क गेलं की कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करता येत नाही, जुना इतिहासही चाळता येत नाही.

बिटकीपरनं हे बदललं. अख्खं दप्तर प्रत्येकाच्या मशीनवर! २००२पासून लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम त्यावरच चाललं. मेख एवढीच की ते दप्तर वाचायला क्लायंट मात्र बिटकीपरचाच हवा, आणि तो फुकट हवा असेल तर स्पर्धक साधन बनवायचं नाही ही अट. माल तुमच्या घरात, किल्ली दुसऱ्याकडे.

ट्रिजेल यांनी ती अट कधी मान्यच केली नव्हती, कारण बिटकीपर त्यांनी वापरलंच नव्हतं. त्यांनी स्वतःचा क्लायंट लिहायला घेतला. मालक लॅरी मॅकव्हॉय चिडले. फुकटची आवृत्ती बंद झाली.

लिनक्सचे जनक लायनस टॉरवल्ड्सही ट्रिजेल यांच्यावरच वैतागले होते, हे आज विसरलं जातं. पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यातले ते नव्हेत. त्यांनी बिटकीपरच्या जागी गिट हे स्वतःचं साधन लिहायला घेतलं; ७ एप्रिल २००५ला ते स्वतःचाच कोड सांभाळू लागलं होतं. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती त्यातूनच बाहेर पडली.

गिटमध्येही प्रत्येक क्लोन म्हणजे पूर्ण रिपॉझिटरी. पण तिची रचना उघडी. क्लायंट कुणीही लिहावा. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर असते तीही अशीच एक रिपॉझिटरी, सगळ्यांनी आपसांत ठरवून मुख्य मानलेली, इतकंच.

(दृश्य: टर्मिनलवर 'क्लोन' टाइप होतं)

२०१६मध्ये बिटकीपरचाही कोड खुला झाला. तोवर अकरा वर्षं उलटली होती.