मांड बसेपर्यंत

मंडळी, सुरुवात करण्याआधी एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घोडा घेऊन तीन आठवडे झाले, पण त्याच्यावर बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. विकून टाकू का?" आजचं माझं बोलणं त्यांच्यासाठी आहे असं समजा. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

बघायला गेलो तेव्हा घोडा अगदी गरीब होता, घरी आणला आणि अंगावर यायला लागला, ही तक्रार नेहमीची. विकणाऱ्याने फसवलं, असं पटकन वाटतं. कधी कधी फसवलेलं असतंही. पण जरा घोड्याच्या बाजूने बघा. हा कळपाचा प्राणी. शेजारच्या ठाणातला सोबती गेला, निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा आवाज गेला, पाण्याची चवसुद्धा बदलली. आपल्याला एक घोडा नवा, त्याला सगळं जगच नवं. तो बुजला नाही तरच नवल.

म्हणून पहिले काही दिवस खोगीर खुंटीला राहू द्या. म्होरकीला, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्यांना, दोरी लावून त्याला फिरवा, ब्रशने अंग घासून खरारा करा, जिथे पुढे रपेट करायची आहे ती जागा पायी दाखवा. त्याला इतर घोड्यांत लगेच मिसळू देऊ नका, दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, म्हणजे काही संसर्ग असेल तर कळेल. पण त्याला दुसरा घोडा नजरेला पडला पाहिजे. खाणं बदलायचं तर 7 ते 10 दिवसांत थोडं थोडं बदला, एकदम बदललंत तर पोटशूळाचा धोका. आणि एक चूक प्रेमापोटी होते: काम अर्ध्यावर आणि दाणा दुप्पट. मग ती रग कुठेतरी निघणारच, आणि निघते तेव्हा वर आपण असतो!

माझी फजिती सांगते. मी माझी घोडी घेतली ती घोडेस्वारीत बऱ्याच वर्षांचा खंड पडल्यानंतर. तिसऱ्याच दिवशी मोठ्या ऐटीत वर चढले. कुंपणात अडकलेली प्लास्टिकची पिशवी फडफडली, घोडी आडवी उडाली आणि मी जमिनीवर. लागलं फारसं नाही. पण पुढचे पंधरा दिवस मी तिच्यावर बसले नाही. रोज जायचे, खोगीर पुसायचे, लगाम पुसायचे, पुसून झालेलं पुन्हा पुसायचे. वारा आहे, ऊन आहे, तिचा मूड बरा दिसत नाही, कारणांना तोटा नव्हता. तेवढी लखलखीत खोगीर पागेत दुसरी नव्हती.

त्या पिशवीबद्दल पुढे मला जे कळलं, ते त्या दिवशी कळायला हवं होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांत दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. डोळ्याच्या कडेला हललेली वस्तू त्याला आपल्याआधी दिसते, आणि आधी पळायचं, मग बघायचं, हा त्याचा स्वभाव. जाताना गुपचूप ओलांडलेल्या दगडाला तो येताना बुजतो, कारण उलट्या बाजूने तो दगड वेगळा दिसतो. हा खोडसाळपणा नव्हे.

आणि आपली भीती? ती त्याला पोचते. स्वीडनमधल्या संशोधकांचा 2009 सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. स्वारांना सांगितलं, चौथ्या फेरीला वाटेवर छत्री उघडली जाणार आहे. छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीला स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीचं काय ठाऊक? वर बसलेल्या माणसात काहीतरी बदललं, एवढंच त्यांना कळलं.

"घाबरू नका" हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे. घाबरण्यावर आपला ताबा नसतो. श्वासावर असतो. भीती वाटली की आपण श्वास रोखतो, गुडघे आवळतो, लगाम गच्च धरतो. मी मोठ्याने आकडे मोजायला लागले, कारण बोलताना श्वास रोखता येत नाही. लोक हसले. हसू दे.

मग छोटी कामं ठरवली. पहिल्या दिवशी ओट्यावरून चढायचं, घोडी स्थिर उभी राहिली की उतरायचं, संपलं. चढताना घोडा चालू लागतो ही साधी वाटणारी खोड फार वाईट, एक पाय रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, आणि एक हवेत असतो तेव्हा आपण कुणाचेच नसतो. दुसऱ्या दिवशी चालीने चार फेऱ्या. दुडकी चाल आठवड्यानंतर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, मात्र चढण्याआधी आणि पाच मिनिटं चालवून पुन्हा तपासायचा, कारण आवळताना काही घोडे पोट फुगवून धरतात. डोक्यावर हेल्मेट, आणि पडताना ते आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी नवं घ्या.

बुजणं रोजचंच झालं तर आधी दुखणं शोधा. आधीच्या घोड्याला बसणारी खोगीर याच्या पाठीला बसेलच असं नाही. पशुवैद्याला पाठ आणि दात दाखवा. सगळं ठीक निघालं आणि तरी जमत नसेल, तर शिक्षकाला त्याच्यावर बसवून आपण खालून बघा. यात कसला कमीपणा? मी कठड्याला टेकून माझीच घोडी दुसऱ्याखाली शांत चालताना पाहिली. राग आला, पण निम्मी भीती तिथेच गेली.

बाईंचा आणखी एक प्रश्न होता, किती दिवस लागतात? घोडी दीड महिन्यात रुळली. मला पाच महिने लागले.