कंटेनरचं खरं वजन

(दृश्य : इंग्लंडचा दक्षिण किनारा. वाळूत कलंडलेले कंटेनर.)

जानेवारी २००७. डेव्हनमधलं ब्रॅन्सकम गाव. वादळात सांगाडा फुटलेलं 'एमएससी नेपोली' हे जहाज इथे मुद्दाम उथळ पाण्यात आणून टेकवलं होतं. २६ खलाशांना त्याआधीच हेलिकॉप्टरने उचललं होतं. वाहून आलेल्या कंटेनरमधून मोटारसायकली ढकलत नेणारी माणसं जगाने टीव्हीवर पाहिली. मला मात्र त्या गर्दीपेक्षा नंतर झालेलं कंटेनरचं वजन जास्त महत्त्वाचं वाटतं.

डेकवरचे, पाणी न लागलेले सुमारे ६६० कंटेनर तोलले गेले. त्यातल्या १३७ कंटेनरचं वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा ३ टनांहून जास्त वेगळं निघालं. एका कंटेनरमध्ये तर फरक २० टनांचा! या १३७ कंटेनरचा बोजा सांगितल्यापेक्षा एकूण ३१२ टन जास्त होता. जहाज फुटलं ते मुळात सांगाडा कमजोर असल्यामुळे. पण जी काही ताकद शिल्लक होती, तीही या न सांगितलेल्या वजनाने कमी केली.

जहाजावर माल लावणारा कंटेनर उघडून बघत नाही. त्याच्यापुढे फक्त आकडा असतो. त्यावरून तो जड कंटेनर खाली, हलका वर असं लावतो. आकडाच चुकला, तर जड कंटेनर वरच्या थरात जातो, खालच्याचे कोपरे दबतात, लॅशिंगच्या, म्हणजे कंटेनर डेकला आवळून धरणाऱ्या, सळया ताणल्या जातात. आणि त्या सळया आवळणारा कामगार तिथेच उभा असतो.

(दृश्य : न्हावा शेवाच्या वाटेवरचा वजनकाटा. ट्रेलर काट्यावर चढतो.)

१ जुलै २०१६ पासून 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, देणं सक्तीचं झालं. जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. व्हीजीएम नसेल, तर कंटेनर जहाजावर चढत नाही.

एक रीत अशी : भरून सील केलेला कंटेनर काट्यावर आणायचा. गाडीसकट तोलला, तर गाडीचं वजन वजा करायचं, टाकीतल्या डिझेलचंसुद्धा. ट्रेलरवर वीस फुटी दोन कंटेनर असतील, तर दोघांचं वजन वेगवेगळं हवं. एकूण आकडा निम्मा करून चालत नाही. दुसरी रीत म्हणजे खोके, पॅलेट, टेकू, पट्टे सगळं तोलायचं आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन त्यात मिळवायचं. द्राक्षाची पेटी न् पेटी तोलून भरणाऱ्या नाशिकच्या पॅकहाउसला ही सोयीची. सुट्या भंगाराला ती लागू पडत नाही, कारण तिथे एकेक करून तोलायला वेगवेगळे नग नसतात.

आता पैशांचं. काट्याचं भाडं द्यावं लागतं. काही शिपिंग लाइन व्हीजीएम नोंदवण्याचं शुल्क लावतात; मुदतीनंतर आकडा दिला किंवा बदलला, तर वेगळं शुल्क. सगळ्यात मोठा फटका बसतो तो जहाज चुकल्यावर. यार्डाचं भाडं चढतं, रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, असेल तर विजेचंही. छोट्या निर्यातदाराची तक्रार मला रास्त वाटते : वजन करायचे पैसे तो देईल, पण नुसता आकडा संगणकात चढवण्याचं शुल्क बुकिंगच्या वेळीच लेखी कळायला हवं. मात्र काट्याचे पैसे वाचवायला अंदाजे आकडा टाकणं मला अजिबात मान्य नाही. त्या बचतीची किंमत ड्रायव्हर, क्रेनवाला आणि खलाशी मोजतात, आणि त्यांना ते माहीतही नसतं.

(दृश्य : काटेवाला पावती फाडतो. ड्रायव्हर ती नीट घडी करून खिशात ठेवतो. ट्रेलर बंदराकडे वळतो.)