मीटरमागे दहा युरो

[दृश्य: डांबरी रस्ता. त्यावर रंगवलेली आडवी रेघ.]

निवेदन:
१५ नोव्हेंबर २०१४. जर्मनीतल्या बव्हेरियामधलं वुन्झीडेल हे छोटंसं गाव. शर्यतीला आखतात तशी सुरुवातीची रेघ रस्त्यावर आधीच आखून ठेवली आहे. पुढे टप्प्याटप्प्यावर आकडे. नवनाझींचा मोर्चा येतो आणि पायाखाली वाचत जातो: तुमच्या चालण्यानं आतापर्यंत इतके युरो जमले!

प्रत्येक मीटरमागे १० युरो द्यायचं देणगीदारांनी आधीच कबूल केलं होतं. पैसे जाणार होते 'एक्झिट-डॉइचलांड'कडे. उजव्या अतिरेकी गोटातून बाहेर पडू पाहणाऱ्यांना ही संस्था मदत करते. मोर्चेकरी चालले तर आपल्याच माणसांच्या फुटण्याला पैसा पुरवणार, आणि मागे फिरले तर मोर्चा स्वतःच मोडणार. ते चालले. १०,००० युरो जमले.

[दृश्य: दफनभूमीचं फाटक.]

हे गावच का? हिटलरचा एकेकाळचा उपनेता रुडॉल्फ हेस १९८७ मध्ये बर्लिनच्या श्पांडाउ तुरुंगात मेला आणि पुढे इथे पुरला गेला. थडग्याचं तीर्थक्षेत्र झालं. दरवर्षी मोर्चे, बंदीचे आदेश, कोर्टात धाव. २००५ मध्ये दंडसंहितेच्या कलम १३० ला चौथं उपकलम जोडलं गेलं. नाझी राजवटीचं जाहीर समर्थन किंवा उदात्तीकरण करून तिच्या बळींच्या प्रतिष्ठेला धक्का लावला आणि सार्वजनिक शांतता भंगली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड.

यात एक कायदेशीर अडचण होती. जर्मन राज्यघटनेनुसार एखाद्या विशिष्ट मतावर नेम धरून कायदा करता येत नाही. ४ नोव्हेंबर २००९ रोजी घटना न्यायालयानं हे उपकलम उचलून धरलं ते अपवाद म्हणून: आजचं जर्मन राज्यच नाझी राजवटीला नकार देऊन उभं राहिलं आहे, एवढ्याच आधारावर. मोर्चाबंदीविरुद्ध न्यायालयात गेलेला तक्रारदार निकालाच्या काही दिवस आधीच वारला होता, तरीही न्यायालयानं निकाल दिला. त्याच निकालात हेही आहे की नाझी विचार नुसता बाळगणं किंवा मांडणं म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. बंदीचा जयघोष करणारे हे वाक्य सहसा गाळतात.

थडग्याचा प्रश्न मात्र भाडेकरारानं सुटला. जर्मनीत कबरीची जागा मुदतीवर मिळते. चर्चनं मुदत वाढवायला नकार दिला. जुलै २०११ मध्ये कबर उकरली गेली, अवशेषांचं दहन झालं आणि राख समुद्रात सोडली.

तरी मोर्चे थांबले नाहीत. अशा मोर्च्याला समोरून शिव्या आणि दगड हवेच असतात. त्यावर त्याचं पोट भरतं. म्हणून २०१४ मध्ये शिव्यांऐवजी देणगी उभी केली. हिशोब अंतरावर बांधला, हे या युक्तीचं मर्म. माणशी रक्कम ठरवली असती तर गर्दी रोडावली की देणगीही रोडावली असती. मार्ग प्रशासनाकडे आधीच नोंदवलेला असतो, त्यामुळे किती जमणार हे आदल्या दिवशीच कळतं.

[दृश्य: घटना न्यायालयाची इमारत, कार्ल्सरूह.]

रस्त्यावर जमतं ते पक्षाविरुद्ध जमेलच असं नाही. घटनेचं कलम २१ पक्षबंदीची वाट देतं, पण अर्ज फक्त सरकार किंवा संसदेची दोन सभागृहं करू शकतात. एनपीडी या अतिउजव्या पक्षाविरुद्धचा पहिला खटला मार्च २००३ मध्ये बंद पडला, तोही सरकारच्याच चुकीनं: पक्षाच्या नेतृत्वातच गुप्तचर खात्याचे खबरे बसलेले. पक्ष बोलतोय की खातं, हे कसं ओळखायचं? चार न्यायाधीशांना खटला चालवायचा होता, तिघांना नाही. पक्षाविरुद्ध जायला दोन-तृतीयांश बहुमत लागतं, त्यामुळे तिघं पुरेसे ठरले.

दुसऱ्या अर्जाआधी नेतृत्वातले खबरे काढून घेतले. १७ जानेवारी २०१७ चा निकाल: पक्षाची उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, पण ती तडीस नेण्याइतकी ताकद त्याच्यात नाही, म्हणून बंदी नाही. मोठा झाला तर उशीर, लहान असताना पुरावा अपुरा. पक्षबंदीचा हा पेच कुठल्याही वकिलाला चुकत नाही.

त्याच वर्षी घटना दुरुस्त करून मधला मार्ग काढला: बंदी नाही, पण पैसा बंद. २३ जानेवारी २०२४ रोजी, आता 'डी हायमाट' नाव घेतलेल्या याच पक्षाचा सरकारी निधी आणि करसवलती सहा वर्षांसाठी काढून घेतल्या गेल्या. निवडणूक लढवायला तो मोकळा आहे. सहा वर्षांपुढे मुदत वाढवायची तर पुन्हा अर्ज करावा लागेल.