घंटाळीचा ण्, मुंब्र्याचा म्

(दृश्य: ठाणे स्टेशन, पश्चिम. सकाळची गर्दी.)

"घंटाळीला येणार का रे?"
"बसा, आजी."

घंटाळी. मासुंदा. मुंब्रा. तिन्ही नावं कागदावर लिहा, तिन्हींच्या डोक्यावर तोच अनुस्वार. आता सावकाश म्हणा. घंटाळी म्हणताना जीभ ट साठी आधीच वर वळते आणि ऐकू येतो ण्. मासुंदा म्हणताना ती दातांना टेकते: न्. मुंब्र्याला ओठ मिटतात: म्. पुढे कोण येतंय ते बघून टिंब आपला आवाज ठरवतं. पाणिनीनं हे सूत्रातच बांधून ठेवलंय: 'अनुस्वारस्य ययि परसवर्णः'.

(दृश्य: आरसा. ओठ अगदी जवळून.)

बाकीचे वर्णही असेच शेजाऱ्याच्या कलानं घेतात. आरशासमोर 'किती' म्हणा, मग 'कुठे'. 'कुठे'चा क सुटायच्या आधीच ओठ गोल झालेले दिसतील. कानाला दोन्ही क सारखेच वाटतात, पण ध्वनीच्या आलेखात ते वेगळे उमटतात.

बोलणं ओळखणाऱ्या यंत्राला प्रत्येक वर्णाचा एकच नमुना दिला, तर ते इथेच चुकतं. म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन या कंपनीच्या संशोधकांनी प्रत्येक वर्ण त्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांसकट ओळखायची पद्धत मांडली. त्या त्रिकुटाला म्हणतात ट्रायफोन.

पण हिशेब करा. भाषेत ५० वर्ण धरले, तर त्रिकुटं होतात सव्वा लाख! त्यातली कितीतरी ध्वनिमुद्रणात एकदाही सापडत नाहीत. १९९४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी त्यावर जो तोडगा मांडला, तो मला फार सुंदर वाटतो. यंत्र प्रश्न विचारत जातं: डावीकडचा वर्ण अनुनासिक आहे का? उजवीकडचा ओठांनी उच्चारला जातो का? उत्तरं जुळली, की ती त्रिकुटं एकाच नमुन्यात बसतात. न ऐकलेल्या त्रिकुटालाही मग घर मिळतं. शाळेत घोकलेली क-च-ट-त-प ची वर्गवारी आठवली ना? हे प्रश्न त्याच जातीचे.

आजची न्यूरल नेटवर्कं दोन शेजाऱ्यांवर थांबत नाहीत. आवाजाचा लांबच लांब पट्टा एकत्र बघून ती हे संबंध स्वतःच शिकतात. मात्र त्यासाठी आपल्या माणसांचं खरंखुरं, भरभर बोललेलं मराठी त्यांच्या कानावर पडायला हवं.

(दृश्य: नवी मुंबईकडे निघालेली बस.)

"एक घणसोली द्या."

पुन्हा ऐका. एग्घणसोली. पुढच्या शब्दातल्या घ नं मागच्या शब्दातला क बदलून टाकला.

कंडक्टरनं मान वर न करता तिकीट पुढे केलं.