दोन दोऱ्या, एक विहीर आणि आयतीतला थांबा

मंडळी, हातिमताईच्या गोष्टी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी वाचल्यात, पण त्या हातिमचा मुलगा अदी हा पैगंबरांच्या सोबत्यांपैकी होता हे फारसं कुणाला माहीत नसतं. या अदीची एक हकीकत हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, आहे. रोजाबद्दल कुराणात (सूरा म्हणजे अध्याय 2, आयत म्हणजे वचन 187) म्हटलंय की पहाटे पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा, प्या. अदीने काय केलं, उंटाचे पाय बांधायच्या दोन दोऱ्या घेतल्या, एक काळी एक पांढरी, उशीखाली ठेवल्या आणि रात्री उठून उठून बघत राहिला की वेगळ्या दिसतात का. अंधारात कुठल्या दिसायला! सकाळी त्याने हे सांगितलं तेव्हा पैगंबर म्हणाले, अरे, तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड.

मला ही हकीकत फार जवळची वाटते. अदी अरब, भाषा त्याची स्वतःची, काळ तोच, मन एकदम साफ, आयतीतला एकूण एक शब्द त्याला कळलेला आणि तरी म्हणणं हातातून निसटलं. नुसता शब्दार्थ पुरत नाही, ही जाणीव अशी अगदी सुरुवातीपासूनची आहे, आणि त्यातूनच तफसीर नावाचं, कुराणाचा अर्थ उलगडण्याचं शास्त्र वाढलं.

आता इब्न अब्बास बघा. पैगंबरांचे चुलतभाऊ, कुराणाच्या अर्थाबाबत सगळ्यात मोठं नाव. ते म्हणतात, मला 'फातिर' या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता (कुराणात 'आकाश आणि पृथ्वीचा फातिर' असं येतं), मग वाळवंटात भटकणारे दोन बेदुईन अरब एका विहिरीवरून भांडत माझ्याकडे आले आणि त्यातला एक म्हणाला 'अना फतरतुहा', म्हणजे ही खणायला सुरुवात मी केली. तेव्हा कळलं, फातिर म्हणजे पहिल्यांदा सुरू करणारा, काही नसताना निर्माण करणारा. एवढा मोठा माणूस, वाळवंटातल्या दोघांच्या भांडणातून शब्द शिकतो आणि ते उघड सांगतो.

पण सगळेच शब्द असे सुटत नाहीत. सूरा 2, आयत 228: घटस्फोट झालेल्या बाईने तीन 'कुरू' थांबावं. अरबीत या शब्दाचा अर्थ मासिक पाळी असाही होतो आणि दोन पाळ्यांमधला काळ असाही, दोन्ही अस्सल. ज्यांच्या नावाने इस्लामी कायद्याचे पंथ चालतात त्यातले अबू हनीफा म्हणाले पाळी, मालिक आणि शाफिई म्हणाले मधला काळ. भांडण व्याकरणापर्यंत गेलं, कारण अरबीत तीन ते दहा हे आकडे नामाच्या उलट्या लिंगात येतात, इथे आकडा स्त्रीलिंगी म्हणजे नाम पुल्लिंगी, आणि मधल्या काळासाठी जो 'तुहर' शब्द आहे तो पुल्लिंगी, मग अर्थ तोच, असा एका बाजूचा मुद्दा. दुसरी बाजू म्हणते, तलाक मधल्या काळात दिला तर तो अर्धवट काळ तुम्ही एक म्हणून मोजणार, मग तीन कुठे झाले, दोन आणि वर थोडं, आणि आयत तर तीन म्हणते! यात नुसता पांडित्याचा प्रश्न नाहीये हो, त्या मधल्या काही दिवसांत नवरा बायकोला परत घेऊ शकतो की नाही, तिला दुसरं लग्न करता येतं की नाही, हे सगळं त्या एका शब्दावर अडलेलं.

आणि इथे मला तबरी या तफसीर लिहिणाऱ्याबद्दल बोलायचंच आहे. कॅस्पियन समुद्राजवळच्या आमुल गावात 839 चा जन्म, 923 ला बगदादमध्ये मृत्यू. त्याची पद्धत अशी, आयत द्यायची, मग काही जण असं म्हणाले, काही जण तसं, आणि प्रत्येक मत कुणी कुणाकडून ऐकलं ती माणसांची पूर्ण साखळी. शेवटी स्वतःचा कौल, पण ज्यांचं पटलं नाही त्यांचं म्हणणंही तिथंच, नावानिशी. वाचायला दमवतं, पण हरलेलं मत पुसून न टाकणं याला मी फार मानतो.

सूरा 3 ची सातवी आयत तर सांगतेच की काही आयती स्पष्ट, काही अनेक अर्थांच्या, आणि त्यांचा अर्थ 'अल्लाहशिवाय कुणी जाणत नाही'. इथे थांबायचं? की पुढचे शब्द 'आणि ज्ञानात मुरलेले लोक' जोडून मग थांबायचं? बहुतेकांनी अल्लाहपाशी थांबा घेतला, पण मुजाहिदसारख्या जुन्या जाणकाराने पुढे नेला, आणि एका श्वासाच्या जागेवरून माणसाला किती कळू शकतं हेच बदलतं.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. माहीमच्या दर्ग्यात ज्यांची मजार आहे ते मखदूम अली माहिमी (1372 ते 1431) शाफिई पंथाचे, आपल्या कोकणी मुसलमानांचाही पंथ तोच, आणि त्यांनी अरबीत संपूर्ण कुराणावर तफसीर लिहिली. उरुसाला जाणाऱ्या कितीतरी जणांना याचा पत्ताच नसतो. आयतीला आयत कशी जोडली गेलीय हे ते दाखवत जातात, आणि एक सूरा सोडली तर प्रत्येक सूरेच्या सुरुवातीला तेच ते बिस्मिल्लाह येतं ना, त्याचा अर्थ ते दरवेळी त्या सूरेच्या विषयाला धरून नव्याने सांगतात.