पहाटे साडेपाचचं म्याँव

[दृश्य : अंधारी खोली. पलंगाच्या कडेला मांजर.]

पहाटेचे साडेपाच. घरातली माणसं गाढ झोपलीत. मांजर मात्र टक्क जागं आहे. आधी एक बारीकसं म्याँव. मग उशीजवळ येऊन गालावर पंजा. तरी कुणी हलेना, तेव्हा टेबलावरचं पेन हळूहळू कडेकडे सरकवायचं; नजर सगळा वेळ पलंगाकडे. पेन पडतं. कुणीतरी करवादत उठतं, वाटीत खाणं टाकतं आणि परत आडवं होतं.

झालं. धडा गिरवून झाला. पेन पाडलं की माणूस उठतो.

[दृश्य : गच्चीवर समोरासमोर दोन मांजरं.]

मोठी मांजरं एकमेकांना सहसा म्याँव करत नाहीत. ती फिस्कारतात, गुरगुरतात, माजावर आली की रात्र रात्र ओरडतात. पण साधं म्याँव पिल्लू करतं आईला, आणि पाळीव मांजर करतं ते माणसाला. आपण उत्तर देतो, म्हणून ते जन्मभर टिकतं.

[दृश्य : स्वयंपाकघर. पायात घोटाळणारं मांजर. घुरघुर.]

ही घुरघुर नीट ऐका. २००९ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांची घुरघुर रेकॉर्ड केली. मजेत पडलेली असतानाची आणि खाणं मागतानाची. परक्या माणसासमोर मांजरं मागणीचं घुरघुरेनात, म्हणून रेकॉर्डिंगचं काम घरच्यांवरच सोपवावं लागलं. मागणाऱ्या घुरघुरीत एक चढा सूर दडलेला निघाला, साधारण ३८० हर्ट्झच्या आसपासचा. तान्ह्या बाळाच्या रडण्याची पट्टी जवळपास हीच. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं, त्यांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. तेव्हा ओट्याशी उभ्या असलेल्या आईचा हात आपसूक डब्याकडे जातो, त्यात तिचा काही दोष नाही.

[दृश्य : जाळी लावलेली बाल्कनी. बाहेर कबुतरं.]

‘मुद्दाम छळतं’, ‘डूख धरतं’ असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. बंद फ्लॅट, माणसं दिवसभर कामावर, शिकारीला फार तर एखादी पाल. मांजराची शिकारीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. नेमकं तेव्हा आपण झोपलेले असतो, नाहीतर लॅपटॉपपुढे. लॅपटॉप ऊबदार असतो, शिवाय आपले हात आणि डोळे तिथेच. मग ते दुसरीकडे कशाला बसेल?

एक गोष्ट मात्र आधी बघायची. वय झालेलं मांजर अचानक रात्री ओरडायला लागलं, तर ते लाड नसतात. थायरॉइड, रक्तदाब, मूत्रपिंड, काहीही असू शकतं. आणि बोका लिटर ट्रेमध्ये बसून ओरडतोय, लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. अडलेली लघवी जिवावर बेतते.

[दृश्य : रात्र. दोरीला बांधलेलं पीस, त्यामागे झेपावणारं मांजर.]

तब्येत ठणठणीत असेल, तर झोपण्याआधी दहा मिनिटं असा खेळ. शेवटी पीस त्याला पकडू द्यायचं, आणि मग जेवण. सकाळचं खाणं डोळे उघडल्या उघडल्या नको. दात घासा, चहा घ्या, मग द्या.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्या ओरडण्याला एखाद्या पहाटे उठायचं, एखाद्या पहाटे नाही. मटक्याचा आकडा रोज लागत नाही, म्हणून कुणी खेळायचं सोडतं का? मांजरही सोडत नाही.

दुर्लक्ष करायला लागलात की सुरुवातीला आवाज वाढतो. नेहमीची युक्ती चालत नाही म्हटल्यावर ते आणखी जोर लावून बघतं. बहुतेक घरं इथेच हरतात. चौथ्या पहाटे कुणीतरी उठतं, आणि मांजराला कळतं की एवढं ओरडावं लागतं. तेव्हा काचेचे ग्लास रात्रीच उचलून ठेवा, आणि शेजारच्या काकूंना आधीच कल्पना देऊन ठेवा.