चुन्याच्या डबीतलं हाड

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय शेक घेतलेल्या जबड्याबद्दल. शेक म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन, आपल्याकडे कुणी लाईट घेतली पण म्हणतं.

तर एक काका आले दवाखान्यात. खुर्चीत बसले आणि खिशातून चुन्याची डबी काढली, मी म्हटलं काका परत सुरू केलं का? तर म्हणाले, "नाही हो डॉक्टर, उघडून तर बघा." आत कापसावर तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट तुकडा. "दाताचं खोड राहिलंय आत, त्याचेच तुकडे पडतायत." कसलं खोड, जबड्याचं हाड होतं ते! पाच वर्षांपूर्वी गालाच्या कॅन्सरचे शेक झालेले, आणि चार महिन्यांमागे खालची दाढ हलली म्हणून गावातच काढून घेतली, शेकाचं सांगितलंच नाही. का? "पाच वर्षं झाली की, आता काय संबंध?" दाढ गेली पण खड्डा काही भरेना, काकू हळद लावतायत आणि काका आगपेटीच्या काडीने कोरतायत.

संबंध असतो मंडळी, पाच वर्षांनीही असतो. कुडाच्या भिंतीत कामट्या असतात ना, तसे हाडात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे, आणि वरचा लेप कॅल्शियमचा. शेकाने कोलॅजन विणणाऱ्या पेशी मरतात, रक्तवाहिन्या बारीक होतात. खालच्या जबड्याला रक्त मुळातच कमी, त्यात डोस 60 ग्रेच्या (ग्रे म्हणजे शेक मोजायचं माप) वर गेला की धोका जास्त. भिंत उभी असते हो, पण खिळा उपटलात की भोक बुजवायला आत गवंडीच नाही. गालात उलटं होतं, तिथे कोलॅजन नको तेवढं साठून कडक होतं आणि तोंड उघडत नाही.

म्हणून शेक टाळायचे नाहीत हां, जीव त्याने वाचतो. पण खराब दात शेकाआधी काढायचे, दोन-तीन आठवडे आधी. परत सांगतो, दात आधी, शेक नंतर. आणि नंतर कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, दातवाल्याला पहिलं वाक्य हेच, मी शेक घेतलेत. कागद जपा, लोक लग्नपत्रिका जपतात आणि डिस्चार्ज कार्डात भजी बांधतात.

काकांचं मेलेलं हाड काढलं, पेन्टॉक्सिफायलिन (रक्तपुरवठा सुधारणारं औषध) आणि व्हिटॅमिन ई च्या गोळ्या महिनोन्‌महिने चालल्या, मग कुठे खड्डा बुजला. जाताना डबी परत मागितली. म्हटलं कशाला? "हिला दाखवायचीये, अजून म्हणते हळदीनेच बरं झालं."